चिप्सवाला डॉन आणि कापलेली नऊ मिनिटं

मी अकरा वर्षं गुन्हेगार होतो. वेळ सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी चार ते दहा. शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर. दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची रजा, विमानाचं तिकीट मालकाकडून. चिपळुणात कोणी विचारलं, "विलास दुबईला काय करतो हो?" तर आमची आई पदर सावरून सांगायची, "पिक्चरच्या लायनीत आहे." यात खोटं काही नव्हतं. पिक्चर मुंबईत, लंडनात, हाँगकाँगला तयार व्हायचे आणि अल कुसैसमधल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत मी त्यांच्या कॉप्या काढायचो.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "आखातातल्या नोकरीवर लिहा, पण वाळवंट, उंट आणि विरह नको. ते तिघांनी पाठवलंय." बरं झालं. उंट मी अकरा वर्षांत चार वेळा पाहिला, त्यातल्या तीन वेळा टीव्हीवर. आणि विरह म्हणाल, तर माझी बायको म्हणते की ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं होती. तिच्या.

तर आमचा धंदा. दुकानाच्या पुढच्या फळ्यांवर कॅसेट असायच्या त्या अस्सल. रंगीत कव्हर, सरकारी शिक्का, सगळं चोख. त्यांच्यावर धूळ असायची, कारण त्या कोणी नेत नसे. काउंटरच्या मागे पडदा, पडद्याच्या मागे खोली, खोलीत सात व्हीसीआर. वरच्या मशीनवर मास्टर कॅसेट चालू करायची, खालच्या सहांवर कोऱ्या कॅसेट, आणि एका वेळी सहा कॉप्या. मालक कोयाक्का, कोझिकोडचा, स्वभावाने देवमाणूस आणि हाताने असा आखडता की चहात साखर घालून तो न ढवळता प्यायचा. म्हणायचा, ढवळली की संपते. तीन तासांची कोरी टेप नव्वद मिनिटांच्या टेपपेक्षा दीड दिरहमने महाग पडायची. म्हणजे तेव्हाचे पंधरा रुपये. कोयाक्काने नियम केला, हिंदी पिक्चर मोठ्या टेपवर, इंग्रजी पिक्चर नव्वदवर. "विलास भाई, अंग्रेज लोग पिक्चर में आधा टाइम चाय पीता है. काटो."

आणि मी कापायचो. कात्रीने नव्हे हो, पॉझच्या बटणाने. बटण सोडल्यावर मशीन दोन सेकंदांनी पकडतं, म्हणून दोन सेकंद आधी सोडावं लागतं. म्हणजे नटी काय करणार आहे हे तिच्या आधी मला ठाऊक पाहिजे. सुरुवातीची नावं गेली की दोन मिनिटं सुटतात. चुंबनं आणि पलंग गेले की चार-पाच. शिवाय ते तसेही गेलेले बरे, सरकारचा डोळा चुकतो आणि फॅमिली गिऱ्हाईक टिकतं. माझी कापाकापी पाहणाऱ्याला कळायची नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. चांगल्या कामाचा अभिमान असावा माणसाला, मग ते काम कुठलं का असेना!

शेवट मात्र कधी कधी मावायचा नाही. शाळेत शिकवणाऱ्या एक साठेबाई यायच्या. त्यांनी एकदा खुनाचा पिक्चर नेला, दुसऱ्या दिवशी परत आणला आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "खुनी कोण ते कळलंच नाही." कळणार कसं, तो अकरा मिनिटं पुढे होता. मी म्हटलं, "बाई, आर्ट फिल्म आहे." "अस्सं," म्हणाल्या, आणि आणखी तीन आर्ट फिल्म घेऊन गेल्या. असं सगळं बिनबोभाट चाललं होतं, तोपर्यंत तो टकलूचा पिक्चर आला.

कोणाच्या तरी बॅगेतून लंडनहून आलेला पिक्चर. इंग्रजी नाव मी तेव्हाच विसरलो, आमच्या दुकानात त्याला 'चिप्सवाला डॉन' म्हणत. गोष्ट सांगतो. लंडनचा एक म्हातारा होत चाललेला टकला गुंड. माणसं आपटणं हा त्याचा पेशा. एक दिवस त्याला आपल्याच हातांची किळस येते. तो साहेबाला सांगतो, मी सुटलो. साहेब म्हणतो, एकच शेवटचं काम कर, मग जा. टकलू म्हणतो नाही. समुद्रकाठच्या एका गावात जातो, तळलेले मासे आणि बटाट्याच्या चिप्सचं दुकान काढतो. पहिल्या दिवशी शटर उचलतो, एप्रन बांधतो, तेल तापवतो. दारावरची पितळी घंटी वाजते. पहिलं गिऱ्हाईक आलं. टकलू मान वर करतो आणि हसतो.

पूर्ण पिक्चर एकशेसात मिनिटांचा. नावं आणि पलंग मिळून सहा मिनिटं गेली. नव्वदची टेप खरी ब्याण्णव मिनिटं चालते, हे आमच्या लायनीतलं गुपित. तरी नऊ मिनिटं उरली. टेप संपली ती नेमकी त्या घंटीवर, टकलूच्या हसण्यावर. मला इतकं आवडलं ते, की मी कोयाक्काला मुद्दाम बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "खलास. अच्छा है."

आता उरलेल्या नऊ मिनिटांत काय होतं, तेही सांगून टाकतो. आलेलं गिऱ्हाईक म्हणजे टकलूचा जुना दोस्त. तो टेबलाशी बसून मासे खातो, बोटं चाटतो, फर्स्ट क्लास म्हणतो, जुन्या आठवणी काढतो आणि कोटात हात घालून पिस्तूल काढतो. ठो. शेवटी तेल करपताना दाखवलंय. बाकी काही नाही.

हा पिक्चर बाबू खोतने नेला.

खोत आमच्या गुहागरकडचा. पंचेचाळिशीचा, अंगाने आडवा, कानात ऊदाच्या अत्तराचा फाया. त्याचा धंदा व्हिसाचा. बाहेरच्यांना समजावं म्हणून सांगतो. एखाद्या कंपनीला दहा माणसांची गरज असते, ती कागदावर तीस दाखवते. वरच्या विसांचे व्हिसा एजंट विकत घेतो आणि गावाकडे विकतो. गावचा माणूस दागिने मोडून वेल्डर म्हणून विमानात बसतो. इथं उतरला की पासपोर्ट काढून घेतात आणि मिळेल त्या कामाला जुंपतात. तक्रार कुणाकडे करणार? भाषा येत नाही, आणि कागदावर सही त्याचीच. मुंबईत माणसं गोळा करायला खोतचा पार्टनर होता, कदम. इकडची बाजू खोतची. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि गणपतीच्या वर्गणीला खोतचं नाव पहिलं असायचं. आम्हीही त्याला खोतशेठच म्हणायचो. चोरानं चोराला शेठ म्हणायला काय जातंय?

पिक्चर बघून खोत दुसऱ्या दिवशी आला आणि कॅसेट परत न करता म्हणाला, "आणखी एक दिवस ठेवतो." मग आणखी एक. तिसऱ्यांदा तो काउंटरशी उभा होता, तेव्हा दुकानात एक माणूस शिरला. दाढी वाढलेली, पायात दोन वेगळ्या चपला, अंगाला बकऱ्यांचा वास. त्याचं नाव महादेव. वेल्डरचं सर्टिफिकेट घेऊन आला होता आणि आठ महिने लिव्याच्या बाजूला, पार आतल्या वाळवंटात, कुणाच्या तरी बकऱ्या राखत होता. पळून, ट्रक बदलत, मराठी माणसं विचारत विचारत आमच्या दुकानापर्यंत पोचला होता. मला वाटलं, आता हा खोतच्या गळ्याला हात घालणार. मी काउंटरवरच्या कॅसेट मागे घेतल्या.

महादेव म्हणाला, "शेठ, पासपोर्ट द्या. घरी जातो." बस्स. एक शिवी नाही. वर हातही जोडले.

खोतचा चेहरा मी तेव्हा पाहिला. शिवी दिली असती तर तो ताठ राहिला असता. महादेवला त्याने चार दिवसांत पासपोर्ट आणि तिकीट देऊन पाठवलं. मग एका दुपारी पडदा सारून थेट माझ्या खोलीत आला, व्हीसीआरच्या खोक्यावर बसला आणि म्हणाला, "विलास, मी सोडतोय."

"काय सोडताय?"

"हेच. फुजैराला कॅफेटेरिया काढतो. बंदर आहे, जहाजांवरची माणसं उतरतात, आपली पोरं आहेत टर्मिनलवर. सुरमई, भात, सोलकढी. तो टकलू बघ ना. इतकी माणसं आपटली त्याने, पण शेवटी सुखी झाला की नाही?"

करून करून भागला नि देवपूजेला लागला, हे माझ्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हो. मी तोंड उघडलं. नऊ मिनिटं जिभेवर आली होती. मग मी चहाचा कप तोंडाला लावला आणि म्हटलं, "झाला की. चांगलाच सुखी झाला."

खोत गेला. फुजैराला सहा टेबलांची जागा घेतली, दारावर मुद्दाम पितळी घंटी बसवली. सुमनवहिनी मासे करायच्या, खोत तळायचा आणि वाढायचा. मुलगी तन्वी तिथल्याच शाळेत. कॅसेट मी त्याला बक्षीस दिली. वर्षातून दोनदा त्याचा फोन यायचा, "काल परत बघितला रे! ती घंटी वाजते ना, तिथं मला दर वेळी भरून येतं." मी हो हो म्हणायचो. फोन ठेवला की माझं जेवणात लक्ष लागायचं नाही.

यथावकाश माझेही अपराध भरले. छापा पडला, व्हीसीआर गेले, कोयाक्काने त्याच जागेत किराणा मांडला, आणि मी एका कागदावर सही केली की यापुढे पुन्हा कधी पिक्चरची नक्कल करणार नाही. मग एका मोठ्या मॉलमध्ये अस्सल डीव्हीडी विकायच्या दुकानात लागलो. छातीवर नावाची पट्टी, गळ्यात टाय. सज्जनपणा फार कंटाळवाणा असतो, हे कुणी आधी सांगत नाही. इथं पिक्चर कुणी कापायचा नाही, कुणी बघायचाही नाही, फक्त बारकोड दाखवायचा आणि "थँक्यू सर" म्हणायचं. साठेबाई एकदा आल्या. मी खुनाचा तो जुना पिक्चर त्यांच्या हातात ठेवला. दोन दिवसांनी फोन करून म्हणाल्या, "वाटलंच होतं मला. माळीच!"

टकलूचा पिक्चरही फळीवर होता. अस्सल. एकशेसात मिनिटं.

मी तिथं लागून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा खोतचा फोन आला. आवाज पडलेला. "विलास, कदम येतोय. या शुक्रवारी, दुपारी जेवायला."

"येऊ दे की."

"बारा जण आहेत म्हणतो. दापोली, गुहागरकडचे. एकदाच कर म्हणतो, शेवटचं. नाही म्हटलं तर माझ्या जुन्या सह्यांचे कागद आहेत त्याच्याकडे, ते पोलिसात देणार. तन्वी तेराची झालीय रे. मी आत गेलो तर तिचं काय? एकदाच करतो. मग खलास."

अकरा वर्षं गुंडांचे पिक्चर कापले मी. 'एकदाच, मग खलास' म्हणणारा एकही माणूस त्यात धड राहिलेला मला आठवत नव्हता.

मग तो म्हणाला, "एक काम कर. माझ्या कॅसेटला समुद्राच्या हवेनं बुरशी धरलीय. तो पिक्चर तबकडीवर घेऊन ये. शुक्रवारी सकाळी सगळे बसून बघू. तो बघितला की मला नाही म्हणायचा धीर येतो."

आता आली का पंचाईत! दुकानातली तबकडी द्यावी, तर तिच्यात टकलू मरतो. जो सोडतो तो मरतो, हे बघून खोत जेवायला आलेल्या कदमला काय सांगणार होता? बारा महादेव विमानात बसले असते. म्हणजे पिक्चर घंटीवर संपायलाच हवा होता. म्हणजे कापायला हवा होता. म्हणजे ज्या कागदावर मी सही केली, तो मोडायला हवा होता. सापडलो असतो तर नोकरी गेलीच, वर देशाबाहेर. मी बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "कापा. आयुष्यात तेवढं एकच काम नीट येतं तुम्हाला."

तर मंडळी, मीही केलं. शेवटचं एक काम. एकदाच, मग खलास.

एक अस्सल डीव्हीडी पदरच्या पंचावन्न दिरहमना विकत घेतली, म्हणजे सहाशेच्या वर रुपये झाले. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका इंजिनियर पोराचा कॉम्प्युटर होता, त्यावर नावं काढली, चुंबनं काढली, पलंग काढले आणि घंटीवर बरोब्बर थांबलो. हात विसरला नव्हता. नक्कल एका तबकडीवर उतरवली आणि शुक्रवारी पहाटेच शारजाहून शेअर टॅक्सी धरली. मसाफीच्या बाजारात वहिनींसाठी एक डाळिंबांची पिशवी घेतली. काम इतकं साफ झालं होतं की वाटेत मी चक्क शीळ घालत होतो.

सकाळी दहाला कॅफेटेरियात पोचलो. दुपारच्या नमाजनंतर गिऱ्हाईक, तोवर शटर अर्धं वर. भिंतीवरच्या टीव्हीसमोर आम्ही चौघं बसलो. वहिनी कोळंबी सोलत होत्या. तन्वीला मी बिनछापाची साधी डबी दिली, तिने मशीनमध्ये तबकडी घातली. घालताना म्हणाली, "अंकल, आय होप धिस इज नॉट पायरेटेड. स्कूलमध्ये वी हॅड अ होल टॉक ऑन इट." मी डाळिंबांकडे बघत राहिलो.

पिक्चर सुरू झाला. आणि पडद्यावर नावं यायला लागली.

नावं! मी कापलेली नावं! आमच्या लायनीत एक पद्धत होती. नक्कल ठेवायची अस्सलच्या रंगीत डबीत आणि अस्सल ठेवायची साध्या डबीत. छापा पडला की इन्स्पेक्टर साध्या डब्या उचलतो, त्याला आत अस्सल माल सापडतो आणि तो बुचकळ्यात पडतो. अकरा वर्षं हाताला लागलेली सवय. काल काम संपवून मी न बघता तेच केलं होतं. नक्कल रंगीत डबीत, आणि ती डबी माझ्या मांडीवरच्या पिशवीत. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"बंद कर, तन्वी. तबकडी खराब दिसतेय. ही दुसरी लाव."

"गप रे," खोत म्हणाला. "सुरू झालंय छान."

तो जो दीड तास मी काढला, तसा शत्रूलाही न मिळो. मध्येच चुंबन आलं. वहिनी म्हणाल्या, "अगो बाई!" आणि कोळंबीत तोंड घातलं. पलंग आला. खोत कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "हे मागच्या वेळी नव्हतं." तन्वी म्हणाली, "पप्पा, रिलॅक्स." मी देवाला म्हणत होतो, वीज जाऊ दे. पण ते काही चिपळूण नव्हतं, तिथं वीज जात नाही.

टकलूने शटर उचललं. एप्रन बांधला. तेल तापलं. घंटी वाजली, तो हसला, आणि खोतचे डोळे भरून आले. मी ताडकन उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या, "संपला! चला, चहा घेऊ!" म्हणत रिमोटवर झडप घातली.

रिमोट तन्वीच्या हातात होता. ती मशीनवरचे आकडे बघून म्हणाली, "अंकल, इट्स नॉट ओव्हर. नाईन मिनिट्स बाकी आहेत."

मग ती नऊ मिनिटं झाली. दोस्त बसला. मासे खाल्ले. बोटं चाटली. ठो. तेल करपलं.

वहिनींनी विचारलं, "मेला?"

"मेला," खोत म्हणाला. त्याने फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेला काउंटर पुसायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला माहीत होतं."

"हो."

"पहिल्यापासून?"

"टेप नव्वदची होती, खोतशेठ. मावलं नाही." मला रडू यायला लागलं होतं. "नंतर सांगायचा धीर झाला नाही."

तो काही बोलणार, तेवढ्यात दारावरची घंटी वाजली.

खोटं कशाला सांगू, मी टेबलाखाली बघितलं जागा आहे का. दारात कदम. दीड तास आधीच आलेला. गोरा, हसतमुख, हातात चामडी बॅग. "काय बाबू! भूक लागलीय सडकून. काय आहे?"

खोतने मान वर केली. "ये. बस. सुरमई आहे."

त्याने सुरमई तळली. वहिनींनी वाढलं. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे, कुणी हलत नव्हतं. कदमने बोटं चाटली. "बाबू, फर्स्ट क्लास! हाताला चव आहे तुझ्या." मग जुने दिवस निघाले. मग त्याने रुमालाला हात पुसले आणि बॅगेत हात घातला. वहिनींनी तन्वीला मागे ओढलं.

त्याने प्लॅस्टिकचं एक फोल्डर काढलं. आत बारा पासपोर्टच्या झेरॉक्स.

खोतने फोल्डर उघडलं आणि एकेक पान मोठ्याने वाचत गेला. नाव, गाव, काम. "दापोली, सुतार. गुहागर, प्लंबर. गुहागर, सुतार. मंडणगड, वेल्डर." वेल्डरशी तो थांबला. त्या फोटोतल्या माणसाकडे बघत राहिला. मग फोल्डर मिटलं, काउंटरच्या खणात टाकलं आणि खणाला किल्ली लावली.

"कदम, जेवलास पोटभर?"

"जेवलो की."

"मग ऊठ. गिऱ्हाईक यायची वेळ झाली."

कदमला आधी थट्टा वाटली. मग तो सह्यांचं बोलला, पोलिसांचं बोलला, तन्वीकडे बघून तिच्या शाळेचंही बोलला. खोत फक्त म्हणाला, "असू देत सह्या. माझ्याच आहेत." कदम गेला. घंटी पुन्हा वाजली, दार मिटलं आणि खोत मटकन खुर्चीत बसला.

तन्वी म्हणाली, "पप्पा, बट ही डाइड. त्या मूव्हीत."

खोतने माझ्याकडे बोट केलं. "त्याची कॉपी बरी होती. ह्या इंग्रजांना कुठं थांबावं ते कधी कळलंच नाही."

त्याने त्या बाराही जणांना स्वतः पत्रं लिहिली, येऊ नका म्हणून. कदमनेही आपला शब्द पाळला. दोन आठवड्यांत सह्या जिथं पोचायच्या तिथं पोचल्या. खोतने काही नाकारलं नाही. सात आठवडे आत, मग पासपोर्टवर परत न येण्याचा शिक्का, मग विमान. कॅफेटेरियाला कुलूप मीच लावलं. घंटी काढून कागदात गुंडाळली आणि वहिनींच्या सामानात घातली. त्या दिवसांत मला वाटायचं, ते पिस्तूल कदमने नाही, मीच झाडलं. आधी खरं सांगितलं असतं तर? पण आधी सांगितलं असतं तर तो सुटलाच नसता, आणि माझ्या हिशेबाने आणखी कितीतरी महादेव बकऱ्यांमागे गेले असते. हा प्रश्न मी अजून सोडवतोय. लोक म्हणतील विलासने मोठं नैतिक काम केलं. कसलं नैतिक? कोयाक्काने टेपमागे दीड दिरहम वाचवला, एवढंच झालं होतं.

मी आता चिपळुणात निवृत्त आहे. तन्वी मोठी होऊन परत तिकडे गेली. अल रीम आयलंडवर राहते आणि एका वकिलांच्या ऑफिसात कॉपीराइटची प्रकरणं बघते. मला विलासकाका म्हणते, पण जरा जपून.

खोतची खानावळ गुहागरच्या रस्त्याला आहे. महिन्यातून एकदा मी जातो आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतो. दाराला तीच घंटी. त्या पिक्चरचं कधी निघालंच तर खोत अजून ठासून सांगतो, तो घंटीवरच संपतो, पुढचं सगळं नंतर चिकटवलेलं आहे. मी मान हलवतो.

पण घंटी वाजली की त्याचा तेलातला झारा थांबतो. दर वेळी. तो मान वर करून दाराकडे बघतो, आलेल्याचे हात बघतो. मग झारा पुन्हा हलतो.

"या, बसा. सुरमई आहे."